मुलगा दर शनिवारी ‘डी अँड डी’ खेळतो, घरात फाशांवरून वाद

कोथरूडची_आई
मुलगा अकरावीत आहे. दर शनिवारी दुपारी कर्वेनगरला एका मित्राकडे पाच जण मिळून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात, चार-चार तास. परवा त्याच्या सॅकमधून रंगीत फाशांची पिशवी निघाली आणि सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "फाशांपायी धर्मराजाचं काय झालं, ठाऊक आहे ना?" मिस्टरांचं दुखणं वेगळं, जेईईचा अभ्यास बुडतो म्हणून. मुलगा म्हणतो, "आई, यात पैसे नसतात, गोष्ट असते." मला धड कळत नाही. एवढं मात्र खरं की शनिवारी तो जेवताना भरभरून बोलतो, एरवी आठवडाभर हूं की चूं नसतं. कुणी हा खेळ खेळलंय का?

नारायणपेठी
पैसे लावत नसतील तर खेळू द्या. घरी बसून मोबाईलच बघणार ना नाहीतर.

शनिवारचा_डीएम
ताई, मी बाणेरला असतो आणि बरीच वर्षं हा खेळ चालवतोय. चालवणाऱ्याला डीएम म्हणतात. तो प्रसंग उभा करतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्यात काय करायचं ते ठरवतात.

आधी सासूबाईंचं. इथे पणाला काही लावायचं नसतं आणि खेळाडू एकमेकांना हरवायला बसत नाहीत, सगळे एकाच टोळीत असतात. जे जमेल की नाही याची खात्री नसते तेवढ्यापुरता फासा. समजा कुलूप उघडायचंय आणि डीएमने १५ आकडा ठरवला. पात्राच्या कौशल्याचे ५ असतील तर वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त यायला हवेत, म्हणजे शक्यता ५५ टक्के. पोरं हे हिशोब तोंडी करतात.

पण माझ्या लेखी खरी कमाई वेगळीच आहे. आमच्या गोष्टीत टोळी सह्याद्रीतल्या एका घाटात अडकली होती, नाकेदार सोडेना. एकाने लगेच तलवार काढली. बारावीतली एक मुलगी, जी कायम सगळ्यांच्या शेवटी बोलते, म्हणाली, "थांबा." आणि नाकेदाराला विचारलं, "तुमचा बैल लंगडतोय, मी बघू का पाय?" बैल लंगडतो हे मी तासाभरापूर्वी जाता जाता एका वाक्यात सांगितलं होतं, बाकी कुणाच्या ध्यानातही नव्हतं. तिने फासा टाकला, कमी पडला. बैलाने लाथ झाडली, नाकेदार भडकला, टोळीला रात्र घाटात काढावी लागली. तिला कुणी बोल लावला नाही. तलवारवालाच म्हणाला, "कल्पना भारी होती, आता यातून कसं निघायचं ते बघू." दुसऱ्याचं लक्ष देऊन ऐकणं आणि फसलेलं सगळ्यांनी मिळून निस्तरणं, हे मी ऑफिसच्या मीटिंगमध्येही इतकं नीट पाहिलेलं नाही.

बाहेरच्यांना हा खेळ खटकतो हे नवं नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तो अमेरिकेत काढला. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी या खेळाकडे बोट दाखवलं. तो पुढे सापडला. कारण खेळ नव्हता, मुलगा मुळातच खचलेला होता. १९८३ मध्ये पॅट्रिशिया पुलिंग या आईने, मुलाच्या आत्महत्येनंतर, हा खेळ पोरांना सैतानाच्या नादी लावतो असं म्हणत खेळाविरुद्ध संघटना उभी केली. तिचं दुःख खरंच होतं, पण दावे टिकले नाहीत. असे खेळ लिहिणारे मायकेल स्टॅकपोल यांनी १९९० मध्ये ते एकेक करून खोडून काढले. तिकडे सैतानाची भीती, आपल्याकडे द्यूताची. दोन्हीकडे टेबलाशी बसून पाहणारे कमीच.

मार्क वाढतील असं मी म्हणणार नाही.

निवृत्त_बाई_सहकारनगर
मी शाळेत मराठी शिकवत असे. वर्गात बोलायला उभं राहताना मुलांचे पाय लटपटायचे. टेबलाशी चार मित्रांत बोलणं त्यांना नक्कीच सोपं जात असणार. तरी चार तास जास्तच वाटतात. बारावीला डिसेंबरनंतर बंद ठेवायचं, हे मुलाशी आत्ताच बोलून ठेवा. ऐनवेळी बंदी घातलीत तर चोरून खेळेल.

शनिवारचा_डीएम
बाई, पटलं. आमच्याकडे परीक्षेच्या काळात गोष्ट तिथेच थांबवून ठेवतो, पात्राचा कागद माझ्या फाइलमध्ये राहतो.

कोथरूडची_आई
सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. बैलाच्या पायाचं पुढे काय झालं, असं विचारतायत. आणि मी शनिवारी तिथे जाऊन बसले तर चालतं का?

शनिवारचा_डीएम
चालतं, पण मुलाला आधी विचारा. आई अचानक येऊन बसली तर पोरं आखडतात. पहिला अर्धा तास गेल्या वेळची उजळणी असते, तेव्हाच जा म्हणजे संदर्भ लागेल. फोन बाहेर ठेवा, मध्ये अभ्यासाचं काढू नका. सासूबाईंना सांगा, पहाटे त्या मुलीने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी तलवारवाल्याने बैलाची शिंगं धरली होती. खुरात काटा निघाला.