वेल्समधली बिग पिट कोळसा खाण: आई-दादांना खाली उतरवावं का?

तेरणाकाठ, लातूर: आई-दादा बहिणीकडं कार्डिफला चाललेत. दादांना ब्लॅनावॉनची बिग पिट बघायचीच आहे. वय ६८, गुडघे दुखतात. आई साडीच नेसते. खाली पायऱ्या किती? अन् मोबाइल वरच ठेवायला लावतात, ते कशापायी?

बत्तीघर: पायऱ्या नाहीत. केजनं, म्हणजे खाणीच्या लिफ्टनं, थेट ९० मीटर खाली जाता येतं. त्रास आहे तो पुढं. फेरी सुमारे ५० मिनिटांची, जमीन उंचसखल, काही ठिकाणी छत इतकं खाली की कमरेत वाकून चालावं लागतं. शिवाय हेल्मेट, दिवा आणि कमरेच्या पट्ट्याला बॅटरी व श्वसनयंत्र असं सगळं मिळून ५ किलोचं ओझं अंगावर. पट्टा आवळला की निऱ्या वर सरकतात अन् खाली ओल असते, तेव्हा आईंना पंजाबी ड्रेस, बूट आणि स्वेटर. उन्हाळा असला तरी खाली गारवाच.

काळा पाषाण: मोबाइलचं कारण मिथेन, कोळशातून सुटणारा जळाऊ वायू. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की एका ठिणगीनं स्फोट होतो. खाण १९८० ला बंद पडली, १९८३ पासून लोकांना दाखवतात, पण खाली जायचे नियम चालू खाणीचेच. मिथेन हवेपेक्षा हलका, छताशी साचतो. म्हणून जुने कामगार सुरक्षा दिव्याची (ज्योतीभोवती जाळी असलेला खाणीचा कंदील) वात बारीक करून छताकडं धरायचे. ज्योतीवर निळसर टोपी दिसली की गॅस आहे. कार्बन डायऑक्साइडची जड हवा उलट तळाशी बसते, तिथं ज्योत मलूल होऊन विझते.

तेरणाकाठ: मग हातातलं घड्याळ?

बत्तीघर: आपलं सेलवरचं काहीच नाही. घड्याळ, गाडीची रिमोट किल्ली, काडेपेटी, लायटर, सगळं वरच. दादांचे खिसे घरीच तपासा, रांगेत खोळंबा नको.

काळा पाषाण: हवेची दारं मात्र नीट बघायला सांगा. ती बंद असली तरच हवा लांबच्या बोगद्यांतून फिरते, नाहीतर जवळच्या वाटेनं परत निघून जाते. लहान पोरांना खाणीत बंदी घालणाऱ्या १८४२ च्या कायद्याआधी ही दारं उघडझाप करायला अंधारात लहान पोरं बसवायचे. गुडघ्यांनी ऐकलंच नाही तर वरची १९३९ ची कामगारांची न्हाणीघरं बघा. तेवढ्यासाठीही जाणं वसूल होतं. संग्रहालयाचा प्रवेश मोफत आहे. ब्लॅनावॉनला मुख्य मार्गाची रेल्वे नाही, न्यूपोर्टहून बस धरा.