आर्च, कमान आणि महिरप

आर्किटेक्ट म्हणजे 'आर्च' बांधणारा, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. ऐकताक्षणी पटते, पण ती चुकीची आहे. इंग्रजीत आर्च हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग एकच झाल्यामुळे सगळा घोळ होतो.

इमारतीतला आर्च लॅटिन 'आर्कुस'वरून फ्रेंचमार्गे आला. आर्कुस म्हणजे धनुष्य, म्हणून तिरंदाज तो आर्चर. आणि आपली कमान? फारसीत कमान म्हणजेही धनुष्यच! तीरकमान म्हणताना आपण तो जुना अर्थ आजही वापरतो. भूमितीतसुद्धा वर्तुळकंसाची दोन टोकं जोडणारी ती जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी. कंपासने कंस काढून खाली पट्टीने रेघ ओढली की वहीत ताणलेलं धनुष्यच दिसतं. जीवा शिकवताना मुलांना हे आवर्जून दाखवायला हवं.

दुसरा आर्च ग्रीक. 'आर्खी' म्हणजे मुख्य. त्यावरून आर्चबिशप. आर्किटेक्टही इथलाच: आर्खी अधिक तेक्तोन, म्हणजे मुख्य सुतार. हा तेक्तोन आणि संस्कृतातला सुतार 'तक्षन्' हे एकाच कुळातले. या आर्चसाठी कमान चालणार नाही. आर्च-एनिमीला 'हाडवैरी' हा खणखणीत शब्द असताना 'प्रमुख शत्रू' कशाला लिहायचं?

जुन्या गोव्यात हे दोन्ही आर्च भेटतात. मांडवीच्या धक्क्यावरून वर येताना व्हाइसरॉयची कमान लागते. ती वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने, व्हाइसरॉय असताना बांधवली. पुढे से कॅथेड्रलच्या आवारात आर्चबिशपांचा जुना वाडा. पोर्तुगीजांचा मात्र असा घोटाळा होत नाही, कारण त्यांच्याकडे कमान 'आर्कु' आणि धर्मगुरू 'आर्सेबिश्पु'.

आता महिरप. मशिदीच्या भिंतीतला, मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा म्हणजे अरबी 'मिहराब'. मराठीत त्याची महिरप झाली आणि ती गणपतीच्या मखरावर जाऊन बसली. माझ्या मते भार पेलते ती कमान आणि शोभेला असते ती महिरप, हा फरक लिहिताना पाळावा. गणितातल्या महिरपी कंसांना ते नाव ज्याने कुणी दिलं, त्याची नजर फार चांगली होती. मधल्या टोकासकट तो कंस आडवा करून पाहा, मखराची महिरपच दिसते.