जर्मन राजांची पदकं म्हणजे 'मोठी नाणी'? अजिबात नाही

घडणकार: 'नाणेवाला' यांनी काल लिहिलं की सोळाव्या शतकातली जर्मन राजेरजवाड्यांची पदकं म्हणजे टांकसाळीत पाडलेली मोठी नाणी, कला काय ती इटलीत. राहवलं नाही म्हणून लिहितोय. ऑग्सबुर्गला १५१८ च्या साम्राज्यसभेसाठी (सम्राट आणि जर्मन राजेरजवाड्यांची बैठक) जमलेल्या बड्या मंडळींची पदककार हान्स श्वार्त्सने कोळशाने चित्रं काढली, मग लाकडात चेहरे कोरले. न्युर्नबर्गचा माथेस गेबेल चुनखडीच्या दगडात कोरायचा. नमुना बारीक रेतीत दाबायचा, दोन्ही बाजूंचे साचे जुळवायचे, चांदी ओतायची, शेवटी कड कानशीने घासायची. यात टांकसाळ आली कुठे?

नाणेवाला: आणि १५२१ चं सम्राट पाचव्या चार्ल्सचं पदक? रेखाटन चित्रकार ड्यूररचं, ठसे (चकतीवर ठोकून चित्र उठवायचे कोरीव साचे) हान्स क्राफ्टचे. सॅक्सनी या जर्मन राज्याच्या शहाण्या फ्रीडरिशची पदकंही ठशांचीच.

घडणकार: चार्ल्सचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. उठाव उंच असला की एका घावात धातू ठशाच्या खोलात चढत नाही. पुन्हा ठोकलं तर चकती सरकून रेघा दुहेरी येतात, नाहीतर ठसाच तडकतो. क्राफ्टला ते काम जडच गेलं. हान्स राइनहार्टचं १५३५ चं योहान फ्रीडरिशचं (सॅक्सनीचाच नंतरचा शासक) पदक बघा: ओतीव चांदी, बारकावे नंतर छिन्नीने उठवलेले.

शिसेमोड: सगळे चांदीतच अडकलात. पदकांच्या यादीत शिसं दिसलं की लोक 'नक्कल' म्हणून पुढे जातात, याचा मनस्वी राग येतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि साच्यातली बारीकसारीक रेघ पकडतं. कारागीर चाचणीची प्रत शिशातच ओतायचे.

नाणेवाला: चाचणीच्या थोड्या, बाकी बहुतेक मागाहून केलेल्या. तयार पदकावरून साचा घेतला की प्रत एक-दोन टक्क्यांनी आकसते. ४० मिमीला जवळपास अर्धा मिमी.

शिसेमोड: मोजता कुठे, ते सांगा! कड घासलेली असते, तिथलं माप फसवं. अक्षरांच्या आतल्या वर्तुळावर कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) लावा, दोन दिशांनी. मग भिंगातून पदकावरच्या चेहऱ्याची दाढी बघा: मागाहूनच्या प्रतीत केसांमधल्या खाचा बुजतात, अक्षरांचे कोपरे गोलावतात. धातूवरून निकाल देऊ नका.

कपाटवाली: त्याआधी ते शिसं वाचवा. ओकच्या लाकडी खणात ठेवलंत तर लाकडातून निघणाऱ्या अ‍ॅसिटिक आम्लाने त्यावर पांढरी भुकटी धरते. ती ब्रशने झाडाल तर तपशीलही जातो, आणि ती धूळ विषारी असते. रंग भाजून पक्का केलेलं पोलादी कपाट घ्या, आत आम्लविरहित कागद.

घडणकार: विषय शिशावर गेलाच! नाणेवाला, उत्तर द्या.

नाणेवाला: श्वार्त्स आणि गेबेल ओतीव, घेतलं. 'टांकसाळ आली कुठे' हे तुम्हीही मागे घ्या.

घडणकार: नाही घेणार. शहाण्या फ्रीडरिशची त्यातली काही पदकं १५१८ च्या आधीची आहेत. मी बोलतोय त्यानंतरच्या घडणीबद्दल.

शिसेमोड: कपाटवाली, भुकटी आधीच धरली असेल तर?

कपाटवाली: हात लावू नका. घट्ट झाकणाच्या पॉलिथिलिन डबीत वेगळं ठेवा आणि धातूच्या संवर्धकाला दाखवा. व्हिनेगर किंवा लिंबू तर चुकूनही नको.