वल्हं मारता येतं म्हणून जिल्हा सोपवावा का? (लॉरी-विल्सन, सुदान)

नदीकाठची: १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅन लॉरी आणि जॅक विल्सन यांनी दोघांच्या नावेत सुवर्णपदक जिंकलं. दोघेही सुदानमध्ये ब्रिटिश अधिकारी. १९३८ला थेम्स नदीवरची हेन्लीची शर्यत जिंकून वाळवंटात परतले, दहा वर्षांनी रजेवर आले, काही आठवडे सराव केला आणि हेन्लीच्या त्याच पाण्यात झालेल्या ऑलिंपिकमध्ये पुन्हा पहिले आले. खेळाडू म्हणून त्यांना मुजरा. आक्षेप त्यांच्या नेमणुकीला आहे. सुदानचा कारभार चालवणाऱ्या ज्या ब्रिटिश सेवेत ते होते, तिला स्पर्धा परीक्षाच नव्हती. मुलाखत घ्यायचे आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमधला खेळ बघायचे. विद्यापीठाच्या खेळाडूंना तिथे 'ब्लू' म्हणतात, म्हणून 'काळ्यांवर ब्लूंचं राज्य' असं लोक म्हणायचे.

दप्तरदार: पटलं नाही. अख्ख्या राजवटीत या सेवेत जेमतेम चारशे माणसं होती. एकेकाकडे अवाढव्य मुलूख, उंटावरची फिरती, अरबी शिकायची, गुरांचे आणि विहिरींचे तंटे सोडवायचे. तिथे निबंध लिहिणारा काय करणार? सुकाणूवाला नसलेल्या नावेत सोबत्याचा वेग अंगात भिनवावा लागतो, दमलं तरी लय सोडता येत नाही. अशी माणसं निवडली यात गैर काय?

नदीकाठची: चिवटपणा मान्य, पण दार कोणाला उघडं होतं ते बघा. आपल्याकडे आयसीएसला, म्हणजे इंग्रजांच्या सनदी सेवेला, परीक्षा होती, म्हणून १८६३ला सत्येंद्रनाथ टागोर आत शिरले, १९१८ला चिंतामणराव देशमुख चक्क पहिले आले. गोऱ्यांनी अडथळे कमी घातले नाहीत, तरी पेपर लिहिता येत होता. खार्टूमच्या गॉर्डन कॉलेजात शिकलेल्या मुलाच्या नशिबी मात्र कारकुनी नाहीतर मास्तरकी. १९२४ला अली अब्दुल लतीफ यांच्या ब्रिटिशविरोधी चळवळीनंतर तर गोऱ्यांचा शिकलेल्यांवरचा भरवसाच उडाला आणि त्यांनी टोळीप्रमुखांना हाताशी धरलं.

सावित्रीची लेक: यात एक भर. १९५३ला सुदानची पहिली संसदीय निवडणूक ज्या आयोगाने घेतली, त्याचे अध्यक्ष होते आपले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. तेही आयसीएस.

दप्तरदार: सेनांबद्दल आदरच आहे. पण लॉरी पुढे डॉक्टर झाले, इंग्लंडात साध्या वस्तीतल्या रोग्यांना तपासत राहिले. अशा माणसाला नुसता साम्राज्याचा हस्तक म्हणणं अन्यायाचं आहे.

नदीकाठची: हस्तक मी म्हटलेलंच नाही. लॉरी भला माणूस असेल. तेवढाच भला, तेवढाच काटक सुदानी तरुण त्या मुलाखतीला बसू शकत नव्हता, माझं भांडण त्या गोष्टीशी आहे.