ओझर (नाशिक) ते दिल्ली विमानाला नक्की किती वेळ? अर्जंट मदत हवी आहे

गंगापूररोडकर: ओझर ते दिल्ली विमानाने अंतर किती आणि नक्की वेळ किती लागतो? तिकिटावर दोन तास दाखवतंय, एका साईटवर सव्वा तास. खरं काय धरायचं? पुढचं तिकीट आज रात्रीच काढायचंय, भाव वाढत चाललाय. प्लीज लवकर सांगा.

सातपूरवाला: पुढचं म्हणजे कुठलं? दिल्लीहून कुठे जाताय, किती जण, कुठल्या महिन्यात?

नाशिकरोडचा_दादा: विमान कशाला? नाशिकरोडहून राजधानी आहे ना, संध्याकाळी बसायचं, सकाळी निजामुद्दीनला. आम्ही तीनदा गेलोय, जेवणसुद्धा चांगलं असतं.

गंगापूररोडकर: दादा, ट्रेन नकोय, आईचे गुडघे दुखतात, रात्रभर बर्थवर जमत नाही तिला. दिल्लीहून डेहराडून, आईबाबांना चारधामला नेतोय, मे महिना. आता वेळेचं सांगा कोणीतरी!

मेघना_इंदिरानगर: सरळ रेषेत साधारण 990 किमी आहे. साईटवाले त्याला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी 800 वगैरेने भागतात, म्हणून सव्वा तास येतो. तिकिटावरची वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जाऊन उभं राहीपर्यंतची असते, त्यात रनवेपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं, दिल्लीला गर्दी असली तर वर घिरट्या, सगळं आलं. दिल्ली-डेहराडून बघा, सरळ जेमतेम 210 किमी, तरी तिकिटावर तासभर असतोच. तुम्ही दोन तासच धरा. पण दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये आहेत का?

गंगापूररोडकर: नाही, वेगवेगळी. पहिलं काढून झालंय. मधे एक तास चाळीस मिनिटं मिळतात, बास ना?

मेघना_इंदिरानगर: अजिबात काढू नका ते! वेगळ्या तिकिटात बॅगा बेल्टवरून घेऊन परत चेकइन करायच्या असतात आणि काउंटर तासभर आधी बंद होतं, म्हणजे तुमच्या हातात चाळीसच मिनिटं. टर्मिनल बदललं तर तेवढ्यात पोचणारच नाही. माझ्या सासूबाईंसोबत असंच झालं, पहिलं विमान पाऊण तास लेट, पुढचं गेलं, एक पैसा परत नाही.

पंचवटीकर_७१: त्यात दिल्लीचं धुकं धरा, आमचं विमान जयपूरला उतरवलं होतं.

सातपूरवाला: काका, मे महिन्यात कसलं धुकं! धुळीची वादळं म्हणा, त्याने होतो उशीर.

सिडको_एक्सप्रेस: मुंबईहून जा सरळ. जून 2025 पासून समृद्धी इगतपुरी ते आमणे चालू झालाय, कसारा घाटाची कटकट नाही.

सातपूरवाला: आमणेपर्यंत झकास, पुढे भिवंडीत अडकलात की झालं. ओझर घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे, म्हाताऱ्या माणसांना मुंबईला कशाला फिरवायचं?

वैशालीताई: चारधामचं रजिस्ट्रेशन केलंत का? त्याशिवाय वर सोडत नाहीत. आणि केदारनाथला थंडी फार, मे असला तरी स्वेटर, कानटोपी न्याच.

पंचवटीकर_७१: ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात आता तेजस बनतं, आमच्या वेळी मिग बनायचं. विमान उतरताना दिसतं कधीकधी.

गंगापूररोडकर: मेघनाताई, फार उपकार झाले, मी तर तिकीट काढायच्या बेतात होतो. बाबांशी बोललो, रात्री दिल्लीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळचं डेहराडून घेतो. व्हीलचेअर कधी सांगायची?

मेघना_इंदिरानगर: तिकीट काढतानाच, दोन्ही तिकिटांवर वेगवेगळी. एकावर मागितली म्हणजे दुसऱ्यावर आपोआप येत नाही.