सांवेरकडच्या गावात लहान मुलांचा उन्हाळी वर्ग: काय काय घ्यावं?

इंदूरजवळ, सांवेरच्या बाजूला एका गावात मे महिन्यात ४ ते ७ वर्षांची वीसेक मुलं जमवायची आहेत. पैसे फारसे नाहीत. वेळ कोणती ठेवू, काय करून घेऊ?

उत्तर १
सकाळी ७ ते ९, पुढे नको. दोन मोठी माणसं हवीतच. मातीकाम जरूर घ्या, पण माळव्याची काळी माती नुसती वापरू नका. ती भिजल्यावर फुगते, वाळताना आकसते आणि खेळण्यांना तडे जातात. तीन भाग मातीत एक भाग चाळलेली बारीक वाळू घाला, रात्रभर भिजवून सकाळी मळा. बैल, चूल बोटभर जाडीचेच करा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवले की बाहेरून आधी वाळून फुटतात.

उत्तर २
ताई, चिंचोके जमवा. एक बाजू दगडावर घासली की पांढरी होते. पाच टाकायचे, पांढरे किती, काळे किती ते मोजायचं. बेरीज आपोआप येते. मागे येणाऱ्या धाकट्या भावंडांच्या हाती मात्र देऊ नका, घशात अडकतात.

उत्तर ३
गोष्टी गावातल्या आजीबाईंकडून माळवीतच सांगून घ्या. पहिल्याच दिवशी पुस्तकी हिंदी सुरू केली तर लहानगी तोंड उघडत नाहीत.