रोज दोनदा पाणी देऊनही लॉन पिवळं पडतंय, काय चुकतंय?

नवखा_माळी:
मंडळी मदत करा. उन्हाळा सुरू झाल्यापासून सकाळी दहा मिनिटं आणि ऑफिसातून आलो की रात्री दहा मिनिटं स्प्रिंकलर लावतो, एकही दिवस खाडा नाही, तरी एका कोपऱ्यात गवत पिवळं पडत चाललंय आणि बाकीचंही दुपारी मान टाकतं. अजून वाढवू का पाणी? दुपारी पण एकदा मारू का?

मातीत_हात:
थांब, वाढवू नकोस. आधी पाणी दिल्यावर तासाभराने एक लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपस. ओल्या मातीत तो सहज जातो, कोरडी लागली की अडतो. 15 सेंमीपर्यंत गेला पाहिजे. माझी पैज, तुझा वरच्यावर अडकेल. रोज थोडं थोडं पाणी दिलं की ओल वरच राहते, मग मुळंही वरच राहतात, आणि उन्हात तोच थर सगळ्यात आधी तापतो नि सुकतो. आठवड्याला साधारण 25 मिमी पाणी लागतं, कडक उन्हात थोडं जास्त, ते दोन-तीन वेळात विभागून दे. 1 चौरस मीटरवर 1 मिमी म्हणजे 1 लिटर, म्हणजे 20 चौरस मीटरचं लॉन असेल तर आठवड्याचे 500 लिटर झाले, हिशोब सोपा आहे. फक्त एकदम तोडू नकोस, मुळं आत्ता उथळ आहेत, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू अंतर वाढव.

उंटावरचा_शहाणा:
दुपारी पाणी घातलं की थेंबांचं भिंग होऊन पाती जळतात म्हणे!

मातीत_हात:
ते काही खरं नाही हो 😄 दुपारी नको कारण बरंचसं पाणी वाफ होऊन आणि वाऱ्यावर उडून वाया जातं. पण उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चटका बसण्याइतकं तापलेलं असतं, ते आधी बाजूला सोडून द्यायचं.

ओलावा:
वेळ पहाटेचीच बेस्ट. रात्री पाणी दिलं की पाती रात्रभर ओली राहतात, बुरशी धरते, मी हे एकदा भोगलंय, गोल गोल तपकिरी डाग पडले आणि मी येडा उन्हाने झालं समजून अजून पाणी ओतत बसलो. आणि चिकण माती असेल तर पाणी मुरायच्या आत वाहून जातं, तेव्हा दहा मिनिटं चालू, अर्धा तास बंद, परत दहा मिनिटं असं कर. गवत पण फार बारीक कापू नकोस, उंच राहिलं की मुळांशी सावली राहते. एका वेळी एक तृतीयांशाच्या वर नाहीच.

नवखा_माळी:
बघितलं आत्ता. जेमतेम 3 सेंमी ओल, खाली ठणठणीत!! सहा सारख्या वाट्या पण मांडून बघितल्या, 15 मिनिटांत मधल्या वाटीत 9 मिमी आणि पिवळ्या कोपऱ्यात फक्त 2. म्हणजे तिकडे फवारा पोचतच नव्हता, आणि मी खताला शिव्या घालत होतो. स्प्रिंकलर सरकवला. पण जे पिवळं झालंय ते परत येईल का?

मातीत_हात:
मूठभर धरून हलकेच ओढ. घट्ट असेल तर बुडखा जिवंत आहे, फुटेल. अलगद हातात आलं तर तेवढा तुकडा नवीन लाव, पण कडक उन्हाळा सरल्यावर. तोवर तिकडे खत अजिबात टाकू नकोस.